डान्स बार, ऑर्केस्ट्रा बार आणि लॉज: मीरा-भाईंदरमध्ये कायद्याने काय चालतं, काय चालत नाही?

'बनावट ग्राहक पाठवून लॉजवर छापा, महिलांची सुटका, मॅनेजर अटकेत.' 'ऑर्केस्ट्राच्या नावाखाली अश्लील नृत्य, बारवर कारवाई.' मीरा रोड, भाईंदर आणि काशिमीरा परिसरात राहणाऱ्यांना अशा बातम्या नवीन नाहीत. पण बातमीतली 'सुटका' म्हणजे नेमकं काय? सुटका झालेली स्त्री घरी जाते का? ऑर्केस्ट्रा बार आणि डान्स बार यांत फरक काय? लॉजमध्ये खोली घेणाऱ्या जोडप्याला पोलीस पकडू शकतात का? आणि केबिन रोडवरच्या एखाद्या सोसायटीत फ्लॅट भाड्याने देणाऱ्या मालकाचा या सगळ्याशी काय संबंध?

या व्यवसायांबद्दल चर्चा खूप होते, पण कायदा नेमका काय म्हणतो हे फार थोड्यांना माहीत असतं.

मीरा-भाईंदरचंच नाव का येतं?

याचं मोठं कारण भूगोल आहे. मुंबई महापालिकेची हद्द दहिसरला संपते आणि चेकनाका ओलांडला की मीरा-भाईंदर सुरू होतं. मुंबई-अहमदाबाद महामार्ग काशिमीऱ्यातून जातो आणि तिथूनच ठाण्याकडे जाणारा घोडबंदर रस्ता फुटतो. पश्चिमेला उत्तन आणि गोराईचा किनारा आहे, जिथे शनिवार-रविवारी मुंबईकर सहलीला जातात. महामार्गावरचा प्रवासी, किनाऱ्यावरचा पर्यटक आणि मुंबईतलं गिऱ्हाईक असे तिन्ही प्रवाह इथे एकत्र येतात. त्यामुळे लॉज, परमिट रूम आणि बार इथे वाढत गेले.

१९८५ साली नगरपालिका आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख होती. पोलिसांची रचना मात्र बराच काळ ग्रामीणच राहिली. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. तोवर हा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होता.

मुंबईच्या मानाने घरं स्वस्त असल्याने बारमध्ये काम करणाऱ्या अनेक स्त्रियाही इथेच राहायला आल्या. सोनिया फालेरो यांचं २०१० साली आलेलं 'ब्यूटिफुल थिंग' हे पुस्तक मीरा रोडच्याच एका बार नर्तिकेच्या आयुष्यावर आहे.

डान्स बारवर बंदी आली कशी आणि गेली कशी?

३० मार्च २००५ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी विधानसभेत डान्स बार बंद करण्याची घोषणा केली. त्यानंतर मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये ३३-अ आणि ३३-ब ही कलमं घालण्यात आली आणि ऑगस्ट २००५ मध्ये बंदी लागू झाली. ३३-अ नुसार उपाहारगृह, परमिट रूम आणि बिअर बारमध्ये कोणताही नाच करण्यास मनाई झाली. ३३-ब मध्ये मात्र तीन तारांकित व त्यावरची हॉटेलं, नाट्यगृहं आणि सभासदांसाठीचे क्लब-जिमखाने यांना सूट होती.

हीच सूट सरकारला न्यायालयात अडचणीची ठरली. एकच नाच साध्या बारमध्ये अनैतिक आणि महागड्या हॉटेलात चालण्यासारखा कसा, असा प्रश्न उभा राहिला. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बंदीमुळे ७५ हजारांहून अधिक स्त्रियांचा रोजगार गेला आणि त्यांपैकी अनेकींना नाइलाजाने देहविक्रयाकडे वळावं लागलं, असं या निकालात नमूद आहे. ज्या शोषणापासून स्त्रियांना वाचवण्यासाठी बंदी आणली गेली, त्याच शोषणाकडे ती काहींना घेऊन गेली होती.

जून २०१४ मध्ये राज्य सरकारने तारांकित हॉटेलांची सूट काढून टाकली आणि सर्वांवर सरसकट बंदी आणली. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीलाही स्थगिती दिली. त्यानंतर २०१६ मध्ये सरकारने वेगळा मार्ग घेतला. बंदीऐवजी परवाना आणि अटी घालणारा नवा कायदा आला. त्याचं नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र हॉटेल, उपाहारगृहे आणि मद्यपानगृहे यांतील अश्लील नृत्यांस प्रतिबंध आणि तेथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण यासंबंधीचा अधिनियम, २०१६.

मग आज डान्स बार कायदेशीर आहे का?

परवाना असेल आणि अटी पाळल्या तर, हो. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या कायद्यातल्या व नियमांतल्या अटी एकेक करून तपासल्या.

कायम राहिलेल्या अटी:

- नाचाचा कार्यक्रम संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० याच वेळेत.
- अश्लील नृत्यास मनाई.
- नर्तिकांवर नोटा किंवा नाणी उधळण्यास मनाई.
- काम करणाऱ्या स्त्रियांशी लेखी करार आणि मोबदला त्यांच्या बँक खात्यात.

रद्द झालेल्या अटी:

- धार्मिक स्थळ व शिक्षणसंस्थेपासून १ किलोमीटर अंतराची अट. मुंबईसारख्या शहरात ती पाळणं जवळजवळ अशक्य आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.
- नाचाच्या जागी सीसीटीव्ही कॅमेरे लावण्याची सक्ती. यामुळे खासगीपणाचा भंग होतो.
- नाचाच्या जागी मद्य देण्यास मनाई.
- बार आणि नाचाची जागा यांमध्ये भिंत घालण्याची अट.
- परवानाधारक 'चांगल्या चारित्र्याचा' असावा ही मोघम अट.

नोटा उधळण्याला मनाई असली तरी खूश होऊन टिप देण्याला मनाई नाही. हा फरक किरकोळ वाटतो, पण पूर्वी अनेक बारमध्ये नर्तिकांना पगारच नसे आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशातला वाटा हीच त्यांची कमाई असे. म्हणूनच लेखी करार आणि बँक खात्याची अट महत्त्वाची ठरते. बारमालकाने काय कबूल केलं होतं, याचा पुरावा त्यामुळे तयार होतो.

विनापरवाना डान्स बार चालवल्यास २०१६ च्या कायद्यानुसार ५ वर्षांपर्यंत कैद आणि २५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अश्लील नृत्य होऊ दिल्यास किंवा काम करणाऱ्या स्त्रीचं शोषण केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

ऑर्केस्ट्रा बार म्हणजे काय?

बंदीनंतर नाच थांबला, पण गाण्यावर बंदी नव्हती. बारमध्ये गायक, गायिका आणि वादकांचा कार्यक्रम ठेवण्यासाठी पोलिसांकडून वेगळा परवाना मिळतो. पूर्वी नाचणाऱ्या काही स्त्रिया गायिका झाल्या, काही वेट्रेस. वर्तमानपत्रांत सगळ्यांसाठी 'बारबाला' हा एकच शब्द वापरला जातो, पण कायद्याच्या दृष्टीने गायिका, वेट्रेस आणि नर्तिका ही तीन वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकासाठी नियमही वेगळे आहेत.

ऑर्केस्ट्रा परवान्यात नाचाची मुभा नसते. 'ऑर्केस्ट्राच्या नावाखाली डान्स बार' असं बातमीत लिहिलेलं असतं, तेव्हा परवाना गाण्याचा होता आणि आत नाच चालू होता असा पोलिसांचा आरोप असतो. अशा वेळी २०१६ च्या कायद्यासोबत भारतीय न्याय संहितेचं कलम २९६, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य, हेही लावलं जातं. १ जुलै २०२४ पूर्वी यासाठी भारतीय दंड संहितेचं कलम २९४ होतं.

मंचावर किती कलाकार असावेत यावरही वाद झाला. ४ पुरुष आणि ४ स्त्रिया, त्याहून जास्त नाही, अशी अट पोलीस परवान्यात घालत असत. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'हॉटेल प्रिया' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही लिंगानुसार मर्यादा रद्द केली. एकूण ८ कलाकारांची मर्यादा राहू शकते, पण त्यांत स्त्रिया किती आणि पुरुष किती हे ठरवण्याचा अधिकार पोलिसांना नाही. संरक्षणाच्या नावाखाली स्त्रियांना कामापासून दूर ठेवणं हाही भेदभावच आहे, असा या निकालाचा आशय आहे.

बारमधल्या 'गुप्त खोल्या' कशासाठी?

मर्यादेपेक्षा जास्त स्त्रियांना कामावर ठेवायचं आणि छापा पडला की त्यांना लपवायचं, यासाठी काही बारमध्ये आरशामागे किंवा भिंतीआड पोकळी केली जाते. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीतल्या एका बारवर छापा पडला, तेव्हा आरशामागच्या गुप्त जागेतून १७ स्त्रियांना बाहेर काढण्यात आलं. कारवाईच्या बातम्यांमध्ये याचा उल्लेख अनेकदा चमत्कारिक युक्ती म्हणून होतो. खरा प्रश्न जिवाचा आहे. बाहेरून बंद होणाऱ्या, हवा न खेळणाऱ्या जागेत माणसं दाटीवाटीने बसलेली असताना आग लागली, तर त्यांना बाहेर पडता येणार नाही.

अशी वाढीव बांधकामं पाडण्याचं काम महापालिकेचं आहे. जून २०२४ च्या अखेरीस तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या आदेशानंतर ठाणे व मीरा-भाईंदरमध्ये बार-पबच्या अनधिकृत बांधकामांवर बुलडोझर चालवण्यात आला. म्हणजे एकाच बारवर तीन यंत्रणांचं नियंत्रण असतं. कार्यक्रमाचा परवाना पोलिसांकडे, मद्याचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आणि बांधकाम व अग्निसुरक्षा महापालिकेकडे.

देहविक्रय हा गुन्हा आहे का?

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. भारतात सज्ञान व्यक्तीने स्वतःच्या इच्छेने देहविक्रय करणं हा स्वतंत्र गुन्हा नाही. त्याभोवतीच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी मात्र गुन्हा आहेत. त्यासाठीचा कायदा म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. बोलीभाषेत आणि पोलिसांच्या कागदांत तो 'पिटा' म्हणून ओळखला जातो.

- कलम ३: कुंटणखाना चालवणं किंवा त्यासाठी जागा देणं.
- कलम ४: दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणं.
- कलम ५: देहविक्रयासाठी कुणाला आणणं, फूस लावणं.
- कलम ६: कुणाला अशा जागी डांबून ठेवणं.
- कलम ७: सार्वजनिक ठिकाणी किंवा त्याच्या जवळ देहविक्रय करणं. यात गिऱ्हाईकही आरोपी असतं.
- कलम ८: सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाइकाला खुणावणं.

कलम ७ मध्ये धार्मिक स्थळ, शिक्षणसंस्था, रुग्णालय यांच्यापासून २०० मीटरचं अंतर सांगितलं आहे. केबिन रोडसारख्या दाट वस्तीच्या भागात दर काही इमारतींनंतर एखादं मंदिर, शिकवणी किंवा दवाखाना असतो. अशा ठिकाणी २०० मीटरची वर्तुळं आखली, तर मोकळी जागा फारशी उरत नाही. म्हणजे कागदावर गुन्हा नसलेली गोष्ट दाट वस्तीच्या शहरात व्यवहारात गुन्हाच ठरते. डान्स बारच्या १ किलोमीटरच्या अटीबाबत सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा लक्षात घेतला होता, पण 'पिटा'तली २०० मीटरची अट आजही कायम आहे.

'कुंटणखाना' या शब्दाची व्याख्याही रुंद आहे. दुसऱ्याच्या फायद्यासाठी किंवा दोन वा अधिक स्त्रियांच्या परस्पर फायद्यासाठी वापरलेलं घर, खोली, अगदी वाहनसुद्धा त्यात येतं. दोन स्त्रियांनी सुरक्षिततेसाठी एकत्र खोली घेतली, तरी ती कुंटणखाना ठरू शकते. कलम ४ मुळे आईच्या कमाईवर शिकणारा १८ वर्षांवरचा मुलगाही अडचणीत येऊ शकतो.

१८ वर्षांखालील मुलामुलींबाबत मात्र संदिग्धता नाही. तिथे संमतीला काहीही अर्थ नाही. पॉक्सो कायदा, २०१२ आणि भारतीय न्याय संहितेची कलमं १४३ व १४४ (मानवी तस्करी आणि तस्करी झालेल्या व्यक्तीचं शोषण) लागू होतात. मुलांच्या तस्करीला किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे.

छाप्यात काय होतं?

ठरलेली पद्धत अशी: खबर मिळते, पोलीस बनावट ग्राहक पाठवतात, त्याच्याकडे क्रमांक नोंदवलेल्या नोटा देतात, इशारा मिळताच पंचांसह आत शिरतात. कायद्यानुसार झडतीच्या वेळी किमान दोन प्रतिष्ठित पंच हवेत आणि त्यांत किमान एक स्त्री हवी. झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यासोबत किमान दोन महिला पोलीस असणं बंधनकारक आहे. हे पाळलं नाही, तर खटला पुढे कमकुवत होतो.

मॅनेजर, दलाल, मालक यांना अटक होते. स्त्रियांना बातमीच्या भाषेत 'सोडवलं' जातं. प्रत्यक्षात त्यांना दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं जातं आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत, जास्तीत जास्त तीन आठवडे, सुरक्षित ताब्यात ठेवता येतं. त्यानंतर दंडाधिकारी त्यांना एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. म्हणजे जिच्यावर गुन्हा नाही, तीही आरोपी मॅनेजरपेक्षा जास्त काळ बंदिस्त राहू शकते, कारण मॅनेजरला जामीन मिळतो.

मालाडमधल्या छाप्यानंतर अशाच तीन तरुणींना एक वर्ष संस्थेत ठेवण्याचा आदेश झाला होता. २४ सप्टेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला. देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही, या तरुणी सज्ञान आहेत, कुठे राहायचं आणि कोणता व्यवसाय करायचा हे ठरवण्याचा हक्क त्यांना आहे आणि त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना डांबता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

अल्पवयीन मुलींसाठी मार्ग वेगळा आहे. 'प्रेरणा' संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिलेल्या निकालानुसार, अशा मुलीला बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. कुंटणखाना चालवणाऱ्याच्या वकिलाला त्याच प्रकरणात मुलीची बाजू मांडता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये काय सांगितलं?

१९ मे २०२२ रोजी 'बुद्धदेव कर्मासकर' प्रकरणात न्या. एल. नागेश्वर राव यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने राज्यांना काही निर्देश दिले. लैंगिक अत्याचार झालेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रीला इतर कोणत्याही पीडितेप्रमाणेच तातडीची वैद्यकीय मदत मिळावी. पोलिसांनी तिच्याशी सन्मानाने वागावं. सुधारगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना सोडावं. निरोध बाळगणं हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये. छाप्याच्या बातम्यांत स्त्रियांचे चेहरे किंवा ओळख उघड करू नये. या स्त्रियांना आधार कार्ड मिळण्याची सोय करावी आणि त्यात व्यवसाय उघड होऊ नये.

न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या काही शिफारशींवर केंद्र सरकारने आक्षेप घेतले होते. त्यामुळे सर्व शिफारशी लागू झाल्या नाहीत आणि 'देहविक्रयाला व्यवसाय म्हणून मान्यता मिळाली' असा जो अर्थ त्या वेळी काढला गेला, तो पूर्ण बरोबर नाही. 'पिटा' कायद्यातलं एकही कलम या आदेशाने रद्द झालेलं नाही.

लॉजमध्ये थांबणाऱ्या जोडप्यांचं काय?

दोन सज्ञान व्यक्तींनी, लग्न झालेलं असो वा नसो, ओळखपत्र दाखवून खोली घेणं हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. तरीही ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ बेट आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे पडले आणि सुमारे ४० जोडप्यांवर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं पोलीस कायद्यातलं कलम ११० लावलं गेलं. बंद खोली ही सार्वजनिक जागा कशी, असा प्रश्न उभा राहिला आणि तत्कालीन पोलीस आयुक्त राकेश मारिया यांनी चौकशीचे आदेश दिले. अविवाहित जोडप्याने एका खोलीत राहणं गुन्हा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

लॉजमालकाने प्रत्येकाचं ओळखपत्र घेऊन नोंदवहीत नोंद ठेवली पाहिजे. ओळखपत्रावर वय १८ पेक्षा कमी दिसत असताना खोली दिली, तर पुढे 'माहीत नव्हतं' हा बचाव टिकणं कठीण आहे.

घरमालक आणि सोसायटीने काय लक्षात ठेवावं?

भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा वापर कुंटणखान्यासाठी होत असल्याचं मालकाला माहीत असेल, तर तोही 'पिटा'च्या कलम ३ खाली आरोपी होतो. हे 'माहीत असणं' काही वेळा कायदा गृहीत धरतो. परिसरात खपणाऱ्या वर्तमानपत्रात त्या जागेवर छापा पडल्याची बातमी आली असेल, तर मालकाला ते माहीत होतं असं धरलं जातं आणि तसं नव्हतं हे त्याला सिद्ध करावं लागतं. कलम १८ खाली दंडाधिकारी जागा रिकामी करण्याचा आदेश देऊ शकतात. त्यानंतर एक वर्ष, आणि तिथे अल्पवयीन मुलगी सापडली असेल तर तीन वर्षं, परवानगीशिवाय ती जागा पुन्हा भाड्याने देता येत नाही. नोंदणीकृत भाडेकरार आणि भाडेकरूची पोलिसांकडे नोंद ही म्हणूनच केवळ औपचारिकता नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एखादी स्त्री रात्री उशिरा घरी येते किंवा बारमध्ये गाते, एवढ्यावरून तिला घर नाकारण्याचा किंवा तिची झडती घेण्याचा अधिकार सोसायटीला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. खरोखर संशय असेल, तर तक्रार पोलिसांकडे करायची असते.

जगात काय चालतं?

स्वीडनने १९९९ पासून शरीरसुख विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, विकणाऱ्या व्यक्तीला नाही. नेदरलँड्सने २००० साली परवाना घेऊन कुंटणखाने चालवण्यास मुभा दिली. न्यूझीलंडने २००३ साली हा व्यवसाय गुन्ह्यांच्या यादीतून काढून कामगार व आरोग्याच्या नियमांखाली आणला. भारताची पद्धत या तिन्हींपेक्षा वेगळी आहे. महाराष्ट्रातही मतं दुभंगलेली आहेत. सांगलीची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' कामगार म्हणून हक्क मागते, तर तस्करीविरोधी संस्था कठोर कारवाई आणि पुनर्वसनावर भर देतात. अल्पवयीनांची सुटका आणि दलालांना शिक्षा, या दोन गोष्टींवर मात्र दोन्ही बाजू सहमत आहेत.

मदत कुठे मिळेल?

- तातडीची पोलीस मदत: ११२
- संकटातल्या महिलांसाठी: १८१
- अडचणीतल्या मुलांसाठी, चाइल्डलाइन: १०९८
- मोफत कायदेशीर सल्ला, विधी सेवा प्राधिकरण: १५१००

बार किंवा लॉजमध्ये काम करणाऱ्या स्त्रीने करार, ओळखपत्र आणि बँकेच्या नोंदींच्या प्रती कामाच्या ठिकाणाबाहेर, स्वतःजवळ ठेवाव्यात. छाप्यात ताब्यात घेतलं गेल्यास आपण सज्ञान आहोत हे दाखवण्यासाठी आणि मजुरी बुडवली गेल्यास ती मिळवण्यासाठी हीच कागदपत्रं सर्वांत आधी लागतात.